बुधवारची लेणी

लेण्याच्या तोंडाशी पोचलं की माझी बायको आधी सगळ्यांना बसवायची. चढून आलेल्या बायका धापा टाकत असायच्या, कुणी पदराने वारा घेत असायची, कुणाला आत काय आहे ते बघायची घाई असायची. ती म्हणायची, "आधी बसा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आपण कुणाच्या तरी घरी आलोय." मग चपला काढून सगळ्यांनी गार दगडावर बसायचं आणि थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे हळूहळू निवायचे. आधी खांब दिसायचे, मग त्यांच्या मागची भिंत, मग भिंतीतले कोनाडे. एवढं झालं की ती उठायची आणि सांगायला लागायची.

मी पाण्याचा कॅन घेऊन सगळ्यांच्या मागे. कुणी वाटेत राहत नाही ना ते बघायचं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला तर खिशातली पिन काढून द्यायची, हे माझं ठरलेलं काम. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दिवसभर लोकांना गप्प बसायला सांगून सांगून माझं स्वतःचं बोलणंही कमी झालं होतं. ती मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. बोलणं तिच्या वाट्याचं, ऐकणं माझ्या, अशी आमच्या संसारात आपसूक वाटणी झाली होती.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. घरी भेटायला येणारे तिच्या शाळेविषयी बोलतात, तिच्या शिस्तीविषयी बोलतात. सहलींचा विषय निघाला तर मेटॅडोरमधल्या गाण्याच्या भेंड्या सगळ्यांना आठवतात. मला त्यातली एकच सहल पुन्हा पुन्हा आठवते. लिहून काढावी म्हणून बसतो, दोनचार ओळी होतात आणि उठतो. आज नेटाने बसलो आहे.

ऐंशी सालानंतरचा, दशक सरत आलेला काळ. आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायला आलो तेव्हा कॉलनी नवी होती. घरं कमी, मोकळे प्लॉट जास्त, त्यांत बाभळी. रिक्षावाले रेल्वे गेटच्या पलीकडे यायला कुरकुर करायचे. कॉलनीतल्या बायकांचं जग म्हणजे घर, भाजीची गाडी, हळदीकुंकू आणि वर्षातून एकदा माहेर. माझ्या बायकोच्या मनात आलं की यांना लेणी दाखवायला न्यावं. हिवाळ्यात एखाद्या रविवारी मेटॅडोर ठरवायची, पहाटे निघायचं, धुळ्यावरून साक्रीच्या बाजूला जायचं आणि तिथल्या एका डोंगरातली ओसाड लेणी बघून रात्रीच्या स्वयंपाकाला परत यायचं. ती धुळ्याची. लहानपणी वडिलांबरोबर तिने तो डोंगर पाहिला होता. फार मोठं काही नव्हतं तिथे. कातळात खोदलेल्या काही खोल्या, पाण्याचं टाकं, एक झिजलेली मूर्ती आणि खाली माळावर एका रांगेत उभ्या केलेल्या कुठल्याशा जुन्या शिळा. नावाजलेलं ठिकाण नव्हतं म्हणूनच तिला ते आवडायचं.

लेणी दाखवणाऱ्या गाइड लोकांवर तिचा राग होता. "हा राजा, ही राणी, हे भुयार थेट दौलताबादला निघतं, असं ठोकून देतात," म्हणायची. ती स्वतः एकेक गोष्ट तोलून सांगायची आणि जे ठाऊक नसेल तिथे सरळ म्हणायची, "हे नक्की सांगता येत नाही." एका सहलीत तिने हे इतक्या वेळा म्हटलं की आमच्या समोरच्या पोस्टमास्तरांच्या बायको, ज्यांना सगळी कॉलनी पोस्टातल्या वहिनी म्हणायची, त्या म्हणाल्या, "मग बाई, तुम्हाला माहीत काय आहे ते तरी सांगा! एवढं भाडं देऊन आलोय." सगळ्या हसल्या. तीही हसली. पण पुढच्या कोनाड्यापाशी पुन्हा तेच म्हणाली.

तिच्या या सवयीला माझ्याकडून एक खाद्य मिळालं होतं. त्या दिवसांत पूर्व युरोपातल्या पुस्तकांची प्रदर्शनं आपल्याकडच्या गावांत भरायची. जाड गुळगुळीत कागद, सुरेख फोटो, किंमत नावाला. तिथे मला बल्गेरियातल्या प्राचीन थ्रेशियन लोकांच्या दगडी पूजास्थानांचं एक मोठं पुस्तक मिळालं. डोंगरमाथ्यावरचे कातळ आणि त्यांत कोरलेली कुंडं, उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून केलेल्या खोल्या, आणि सरळसोट कड्यावर, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर खणलेले कोनाडे. तळाशी रुंद, वर निमुळते, सगळे रिकामे. हे कोनाडे कशासाठी खणले हे कुणालाच ठाऊक नाही, असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. कुणी म्हणतं मेलेल्यांच्या राखेसाठी, कुणी म्हणतं नुसती खूण म्हणून. ते मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, एवढे मोठे विद्वान, आणि सरळ लिहितात माहीत नाही म्हणून." त्यानंतर ते पुस्तक प्रत्येक सहलीत मेटॅडोरमधून हातोहात फिरायचं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक राजस्थानी जैन कुटुंब राहायचं. दाणाबाजारात डाळींचा व्यापार. सेठजी, त्यांची बायको, एकुलता मुलगा आणि सून. सेठजींच्या बायकोला सगळे माजी म्हणायचे. सुनेला माजी हाक मारायच्या ती 'बींदणी' अशी, म्हणजे त्यांच्या बोलीत सून. मुलगी हुशार, बारावी झालेली, माझ्या बायकोकडून मराठी पुस्तकं मागून न्यायची. वाचताना अडली की भिंतीवरून विचारायची, "बाई, 'कासावीस' म्हणजे काय हो?"

ज्या वर्षीची ही सहल, त्या वर्षी पावसाळ्यात सेठजींचा मुलगा काविळीने गेला. पंचविशीही ओलांडली नव्हती.

त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे बींदणी कोपऱ्यात बसली. आतल्या खोलीत भिंतीच्या कोपऱ्याशी सतरंजी टाकलेली, अंगावर फिकी ओढणी, ती डोळ्यांच्या खाली ओढलेली. भेटायला येणाऱ्या बायका समोर बसून रडून जायच्या. बाहेर पडायचं नाही. थोरांनी ठरवलेल्या दिवशी उठायचं आणि पहिलं पाऊल देवाच्या दारात टाकायचं. मग आयुष्य जे असेल ते पुढे चालू.

आम्हाला बाहेरून वाटायचं की माजींनी तिला डांबून ठेवलं आहे. तसं नव्हतं. दसऱ्यानंतर माजींनीच दिवस काढला होता. पहाटे उठवून तिला न्हाऊ घातलं, बाजारातल्या मंदिरात न्यायला रिक्षा दाराशी उभी केली. बींदणी उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच खाली बसली. त्या मंदिरात लग्नानंतर तिला सगळ्यांनी नवी नवरी म्हणून पाहिलं होतं. पहाट असली तरी पुजारी असणार, ओळखीच्या चार बायका असणारच. ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. त्यानंतर दोनदा दिवस ठरला आणि दोन्ही वेळा ती उठली नाही. बोलणं तुटत गेलं. जेवण म्हणजे दोन घास. माजी एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, पहले मैं गिनती थी कि कब उठाऊं. अब ये खुद ही नहीं उठती. मुलगा तर गेला. आता ही पण जाईल का मला सोडून?"

माझी बायको रोज दुपारी शाळेतून आली की तिथे जाऊन बसायला लागली. धीर देण्यातली ती नव्हती. ती शाळेतल्या गमती सांगायची, नाहीतर वह्या तपासत नुसती बसायची. एके दिवशी ते थ्रेशियन पुस्तक घेऊन गेली. पानं उलटता उलटता बींदणीने त्या कड्यातल्या रिकाम्या कोनाड्यांच्या फोटोवर बोट ठेवलं आणि पुष्कळ दिवसांनी आपण होऊन बोलली.

"इथे कुणी नसेल ना, बाई?"

"नाही. ओसाड आहे सगळं."

"असं आपल्याकडे आहे?"

"थोडंसं असंच. धुळ्याच्या पुढे. तुझं नाव होतं की मागच्या सहलीला, ताप आला म्हणून राहिलीस."

"तिथे मला कुणी ओळखणार नाही," बींदणी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी तिथे येईन."

दाराशी माजी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा असा काही झाला, बायकोने मला नंतर सांगितलं, की जणू बंद पडलेलं घड्याळ टिकटिकलं. पण त्या रीतीच्या पक्क्या. म्हणाल्या, "घूमने के लिए पहला पाँव नहीं निकलता, बाई. पहिलं पाऊल देवालाच. वहाँ भगवान है क्या?"

"आहेत," माझी बायको म्हणाली.

"हमारे?"

"तुमचेच आहेत, माजी. बसलेली मूर्ती आहे. पार्श्वनाथांची."

संध्याकाळी चहाचा कप तिच्या हातात तसाच निवला. "मी नक्की आहे म्हणून सांगितलं," ती म्हणाली. मला तिची अडचण कळली. ती मूर्ती इतकी झिजलेली होती की मांडी घातलेली कुणीतरी व्यक्ती एवढंच दिसायचं. डोक्यामागे नागाचा फणा आहे की नुसता तुटका कातळ, हे ठरत नव्हतं. कुणी पार्श्वनाथ म्हणे, कुणी बुद्ध. गावातल्या लोकांचं त्याला तिसरंच नाव होतं. आजवरच्या प्रत्येक सहलीत तिने तिथे उभं राहून सांगितलं होतं की नक्की सांगता येत नाही.

"असतीलही पार्श्वनाथ," मी म्हटलं.

"असतील म्हटलं असतं तर माजींनी सोडलं नसतं," ती म्हणाली आणि चहा ओतून दिला.

सहल एरवी रविवारी जायची. माजींनी पंचांग बघून बुधवार काढला. नाताळची सुट्टी होती म्हणून जमलं. कॉलनीतल्या चार विश्वासाच्या बायका बरोबर घेतल्या, त्यात पोस्टातल्या वहिनी होत्याच. अंधारात मेटॅडोर दाराशी आली. बींदणी उंबऱ्यापाशी थबकली. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत राहिलो. वहिनी आतून म्हणाल्या, "अगं ये लवकर, ही खिडकीची जागा मी धरून ठेवलीय, पाय सुन्न झाला माझा." आणि ती आली, चढली, खिडकीशी बसली. ओढणी खाली ओढलेली.

एरंडोलला चहाला थांबलो. माजी बाहेरचं काही घेत नसत. सूर्य वर आल्यावर त्यांनी पिशवीतून खाकरे आणि उकळून आणलेलं पाणी काढलं. वहिनी म्हणाल्या, "माजी, पद्मालयाचा गणपती इथून अगदी जवळ. तिथेच दर्शन करून परत फिरू का? डोंगर वाचेल."

"तेरे को चढना नहीं होता तो गाडी में बैठ," माजी म्हणाल्या. "मैं तो चढूंगी."

"तुम्ही चढाल हो! तुमच्या अंगात काय आहे, खाकऱ्याएवढं वजन. मला उचलायला दोन माणसं लागतील."

माजी हसल्या नाहीत, पण एक खाकरा त्यांनी वहिनींच्या हातावर ठेवला.

डोंगराखालच्या गावात आम्हाला नेहमी वाट दाखवणारे एक आबा होते. शेळ्या राखायचे. निंबाखाली बसलेले होते, आम्हाला बघून उठून उभे राहिले.

"ताई, आज कशा काय? आज काय रविवार नही ना."

"सुट्टी होती, आबा. वर जायचंय."

आबा जरा चुळबुळले. "काल आमना नवस व्हता, ताई. बठ्ठं गाव, ल्हानमोठं सारं, वर व्हतं."

"मग आज शांत असेल," माझी बायको म्हणाली आणि चढायला लागली. आबा माझ्याकडे बघत राहिले. मलाही काही उमगलं नाही. आम्ही वर्षानुवर्षं रविवारचे पाहुणे. मूर्तीला थोडा शेंदूर लागलेला असायचा, एखादी नारळाची करवंटी पडलेली असायची, तेवढंच आम्ही पाहिलं होतं. नवस तिथे मंगळवारी फेडतात, आणि मधल्या दिवसांत वारा, मुंग्या आणि कुत्री सगळं साफ करून टाकतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. ती लेणी कुणाचं तरी घर आहे असं म्हणताना आम्हाला ते घर फार पूर्वीच रिकामं झालंय असं वाटायचं.

माजी खरोखर चढल्या. मध्ये मध्ये थांबून, नवकार मंत्र म्हणत. बींदणीने अर्ध्या वाटेत ओढणी मागे सारली, कारण पाय कुठे ठेवायचा ते दिसत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी ऊन लागलेला तो चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली.

लेण्याच्या तोंडाशी माझ्या बायकोने सवयीप्रमाणे सगळ्यांना बसवलं. "डोळ्यांना सवय होऊ द्या," म्हणाली. सगळ्या गप्प बसल्या. आधी वास आला. उदबत्तीचा, फोडलेल्या नारळाचा, विझलेल्या चुलीचा आणि आणखी एक, जो ओळखूनही ओळखावासा वाटत नव्हता. मग अंधार विरळ झाला. समोरची मूर्ती पायापासून डोक्यापर्यंत ताज्या शेंदराने माखलेली, तेलाने चकचकणारी, वर चांदीच्या वर्खाचे डोळे. पुढ्यात लिंबं, चुलीची राख, आणि ओल्या दगडाला चिकटलेली कोंबड्याची पिसं. खाली जमिनीवर काळपट लाल डाग. आणि आम्ही सगळे, माझ्या बायकोच्या शिस्तीने, त्याच्यासमोर ओळीत बसून ते हळूहळू उजळत जाताना बघत होतो.

माजींनी पदर तोंडावर धरला.

"ये क्या है, बाई?"

माझी बायको अडखळली. तिला मी घरी अडखळताना कधी पाहिलं नव्हतं, लेण्यात तर नाहीच. "मी चुकले, माजी," ती म्हणाली. "काल इथे नवस होता. मला कळायला हवं होतं."

"तुमने तो कहा था हमारे भगवान है."

"म्हणाले होते. पण ही मूर्ती कुणाची आहे ते नक्की सांगता येत नाही. मी तुम्हाला तसं सांगायला हवं होतं."

माजी उठल्या. ज्यांच्या घरात सूर्यास्तानंतर दिवा लावतानाही किडामुंगीचा विचार करतात, त्या बाईला तिच्या देवासमोर आम्ही हे दाखवलं होतं. आणि ज्या पावलासाठी महिने घालवले ते पाऊल इथे पडलं होतं. परत जाऊन काय सांगायचं? पुन्हा कोपरा? "बींदणी, चल," त्या म्हणाल्या. "चल यहाँ से."

बींदणी ओळीत नव्हतीच.

मागे राहिलेलं माणूस शोधणं माझं काम. मी डाव्या बाजूच्या खोलीकडे गेलो. ती एक बुटकी खोली होती, वाकून जावं लागे. तिच्या मागच्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर एक रिकामा कोनाडा आहे. बींदणी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि तिने कपाळ आत कोनाड्यात टेकवलं होतं. आवाज सुरू झाला तो तिचाच आहे हे मला क्षणभर कळलं नाही. दगडाने तो आवाज घेतला आणि मोठा करून परत दिला. मुलगा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, सगळे रडत होते आणि ही मात्र गप्प होती. हे आम्ही भिंतीपलीकडून अनुभवलं होतं. आता ती नवऱ्याला नावाने हाक मारत होती. त्यांच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही.

मी दारातून बाजूला झालो. माजी माझ्या शेजारून वाकून आत गेल्या. मला वाटलं तिला उठवून आणतील. पण थोड्या वेळाने आतून दुसरा आवाज आला, जाडसर, कोरडा, फाटलेला. माजी रडत होत्या. आल्यागेल्याला पाणी देण्यात, सुनेच्या कोपऱ्याचे नियम सांभाळण्यात त्यांना बहुतेक रडायला सवडच मिळाली नव्हती.

बाहेर उभ्या असलेल्या बायका, हातात चपला घेऊन निघालेल्या, पुन्हा खाली बसल्या. कुणी आत गेलं नाही. वहिनी पदराने नाक पुसत होत्या. मला आजही बरं वाटतं ते हेच, की तिथे कुणी कुणाला 'असं करू नये' म्हटलं नाही. आता माझ्या घरी लोक येतात, मला समजावतात, मी मान हलवतो. ती चांगली माणसं आहेत. पण समजावणं सुरू झालं की मला त्या बायकांची ओळ आठवते, कातळाला पाठ टेकून गप्प बसलेली.

आबा धावत वर आले. "माय पडनी का काय?"

"नाही," मी म्हटलं. "मुलगा गेलाय त्यांचा. पावसाळ्यात."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग मूर्तीपुढची पिसं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. "आधी निरोप धाडता तर झाडी ठेवतू मी," ते हळूच म्हणाले, आणि खांद्यावरचा पंचा अंथरून पिसं गोळा करायला लागले. माझ्या बायकोने त्यांना थांबवलं. "राहू द्या, आबा. तुमच्या देवाचं आहे ते."

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. माजींनी बींदणीचा हात घट्ट धरला होता. त्यांच्या खांद्याच्या पिशवीत देवापुढे मांडायला आणलेले तांदूळ आणि बदाम होते. ती पिशवी त्यांनी चाचपली, शेंदराच्या मूर्तीकडे एकदा बघितलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "वो कोठरी में जो कोनाडा है, उसमें कौन था?"

"माहीत नाही, माजी."

"सच में मालूम नहीं, या फिर से मुझे बहला रही हो?"

"खरंच माहीत नाही. दिवा असेल, मूर्ती असेल, काहीच नसेल. कुणालाच नक्की सांगता येत नाही."

माजी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांना पटलं असावं. त्या वळल्या आणि सुनेला घेऊन पुन्हा त्या खोलीत वाकून शिरल्या. मी दारातून पाहिलं. माजींनी ओंजळभर तांदूळ कोनाड्यात ओतले आणि बोटाने त्यांचं स्वस्तिक काढलं. मग बाजूला सरकल्या. बींदणीने त्यावर एकेक बदाम ठेवला आणि दोघींनी हात जोडले. त्या रिकाम्या जागेत त्यांनी कुणाला बघितलं, मला नक्की सांगता येत नाही.

परतताना मेटॅडोरमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. माझी बायको माझ्याशेजारी बाहेर बघत बसली होती. धुळं मागे पडल्यावर म्हणाली, "पहिलं पाऊल म्हणून मोजलं जाईल का हो हे?" पुढच्या बाकावर बींदणी झोपली होती, डोकं वहिनींच्या खांद्यावर. वहिनी अवघडून बसल्या होत्या आणि खड्डा आला की ड्रायव्हरवर डाफरत होत्या, "हळू हाक की रे, पोर उठेल."

कॉलनीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सेठजी फाटकाशी उभे होते. दिवसभर दुकानात गेले नव्हते हे त्यांच्या घरातल्या धोतरावरून कळत होतं. बींदणी खाली मान घालून आत गेली. सेठजींनी विचारलं, "दर्शन हुए?"

मी कॅन उतरवून घेत होतो, तिथेच थांबलो. माझ्या बायकोने गाडीच्या दाराला हात धरला.

"हुए," माजी म्हणाल्या.

"कौनसे भगवान थे?"

माजींनी क्षणभर पायांतल्या धुळीकडे पाहिलं. "पुराने थे," त्या म्हणाल्या. "बहुत पुराने." आणि पाय धुवायला मोरीकडे गेल्या.



दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची गाडी आली तेव्हा बींदणी फाटक उघडून बाहेर आली. ओढणी कपाळापर्यंत, हातात पिशवी. दिवसाढवळ्या, सगळ्या कॉलनीदेखत. ओट्याओट्यांवर बायकांना एकाएकी झाडायचं, वाळत घालायचं काम निघालं. ती मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होती. आतून माजींचा आवाज आला, "बींदणी, अदरक भी ले लेना. और देख के लेना, कल का न दे दे."

माझी बायको खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, "अगं जा ना, भेट तिला."

"नको," ती म्हणाली. "आज तिला नुसती भाजी घेऊ द्या."